जैसलमेरला गेलं की पेंटबॉल बॅरलमध्येच का फुटतो?

पेंटबॉल म्हणजे रंग भरलेल्या गोळ्या गनमधून एकमेकांवर मारण्याचा खेळ. तो वाळवंटात खेळून आलेल्यांची तक्रार ठरलेली आहे आणि शब्दही जवळपास तेच असतात. "मुंबईत टर्फवर गन छान चालत होती. वाळूत नेली आणि दर चार-पाच गोळ्यांमागे एक आतच फुटायला लागली." एक गोळी बॅरलमध्ये, म्हणजे गनच्या नळीत, फुटली की पुढचा सगळा खेळ बिघडतो. आत रंग आणि कवचाचे तुकडे चिकटून बसतात, पुढची गोळी त्यावरून घसरून वाकडी जाते किंवा तीही फुटते. मग माणूस वैतागून मास्क वर करतो. हे सगळ्यात वाईट.

आमचा गट बारा जणांचा, बहुतेक भांडुप-मुलुंडचे. थरच्या वाळवंटात आम्ही आतापर्यंत तीन वेळा खेळून आलो. तिन्ही वेळा गोळ्या बॅरलमध्ये फुटल्या आणि तिन्ही वेळा कारण वेगळं होतं. हे ध्यानात यायला तिसरी खेप उजाडावी लागली, कारण दर वेळी आम्ही मागच्या खेपेचा इलाज घेऊन जात होतो.

पहिली खेप डिसेंबरची. सकाळी सातला खेळायला उतरलो तेव्हा पारा आठ-नऊ अंशांवर होता. बॅरलमधून कवचाचे तुकडे निघाले ते काचेच्या कपच्यांसारखे. थंडीनं गोळी ठिसूळ झाली, असा निष्कर्ष काढला आणि तो बरोबर होता. दुसऱ्या खेपेला मार्चअखेर गेलो. "गोळ्या गार राहू द्यायच्या नाहीत" हे डोक्यात पक्कं असल्यामुळे पिशव्या उन्हात ठेवल्या. दुपारी गोळ्या एकमेकींना चिकटल्या, बोटांनी दाबल्या तर दबत होत्या आणि गॅसचा दाब एवढा चढला होता की गन त्यांना ढकलण्याऐवजी चिरडत होती. तिसऱ्या खेपेला नोव्हेंबर निवडला, गोळ्या सावलीत ठेवल्या, वेग मोजला. सगळं जागच्या जागी. तरी फुटल्याच. तेव्हा दोष वाळूचा होता, आणि त्या वाळूला आत धरून ठेवणाऱ्या ग्रीसचा. ते ग्रीस मीच भरपूर थापलं होतं.

म्हणून काहीही बदलण्याआधी एक गोष्ट करा.

आधी बघा, रंग कुठे सांडलाय

गन उघडताना क्रम चुकवू नका. मास्क तोंडावरच. बॅरलवर कापडी टोपी चढवा, हॉपर (गोळ्या भरायचं वरचं भांडं) काढा, गॅसचा सिलिंडर सोडवा, आत उरलेला दाब जमिनीकडे तोंड करून मोकळा करा. त्यानंतर बॅरल गनपासून वेगळं करा आणि मगच त्यातून आरपार बघा. जोडलेल्या बॅरलच्या तोंडाशी डोळा न्यायचा नाही, गन रिकामी असल्याची कितीही खात्री असली तरी.

रंग बॅरलच्या मधल्या किंवा पुढच्या भागात पसरला असेल आणि बोल्टची (गोळीला बॅरलमध्ये ढकलणाऱ्या दांड्याची) जागा बरीचशी कोरडी असेल, तर गोळी नीट भरली गेली होती आणि सुटल्यावर फुटली. दोष गोळीचा किंवा गॅसचा. तुकडे बघा. कडक, टोकदार, तिरके तुटलेले असतील तर गोळी वाळलेली किंवा गारठलेली आहे. कवच लोंबतंय, ओढल्यासारखं फाटलंय, तर गोळी उष्णतेनं मऊ पडली आहे किंवा दाब जास्त आहे. बहुतेक वेळा दोन्ही.

रंग बोल्टच्या तोंडाशी, म्हणजे हॉपरमधून गोळी खाली पडते तिथे साचला असेल आणि अर्धं कवच वरच्या गळ्यात अडकलं असेल, तर गोळी अर्धीच आत आली असताना बोल्टनं तिला कापलं. हा दोष गोळी भरण्याचा. वाळू, हॉपर आणि गोळी रोखणारा डिटेंट इथे शोधा.

तिसरा प्रकार फसवा आहे. रंग दोन्हीकडे असतो आणि प्रमाणही जास्त. बहुधा दोन गोळ्या एकाच वेळी आत शिरलेल्या असतात. डिटेंट म्हणजे गोळी पुढे घरंगळू नये म्हणून बसवलेली रबराची किंवा स्प्रिंगची छोटी अडणी. ती झिजली किंवा वाळूत रुतून बसली की एक गोळी पुढे सरकते आणि मागून दुसरी येते. वाळून आकसलेली गोळी तर अडणी ठीक असतानाही निसटते.

माझ्या माहितीतले निम्मे लोक ही दोन मिनिटांची तपासणी न करता थेट वेगाचा, म्हणजे गोळीचा वेग कमी-जास्त करणारा, स्क्रू फिरवतात. कृपा करून तसं करू नका. कापल्या जाणाऱ्या गोळीचा वेगाच्या स्क्रूशी संबंध नसतो. तो फिरवून गन मात्र धोकादायक होऊ शकते.

गोळी: मुंबईत फुगते, तिकडे सुकते

पेंटबॉलचं कवच जिलेटिनचं असतं. औषधाच्या मऊ कॅप्सूलसारखंच, आणि बनतंही त्याच पद्धतीच्या यंत्रांवर. आत पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाचा जाडसर द्रव आणि रंग, पाण्यानं धुतला जाणारा. नेहमीची गोळी ०.६८ इंच व्यासाची, म्हणजे सव्वासतरा मिलिमीटरच्या जवळपास, वजन तीनेक ग्रॅम. जिलेटिन हवेतली ओल शोषतं आणि हवा कोरडी असेल तर आपली ओल सोडतं. कवचात मुरलेलं ते थोडं पाणीच त्याला लवचीक ठेवतं. साधारण २० ते २५ अंश तापमान आणि ४० ते ५० टक्के आर्द्रता त्याला मानवते.

आता मुंबईचा विचार करा. पावसाळ्यात हवेत ८०-८५ टक्के ओल. माळ्यावर, गॅलरीत किंवा गाडीच्या डिकीत पडलेल्या गोळ्या ही ओल पितात, फुगतात, तळाच्या गोळ्या वरच्यांच्या भारानं चपट्या होतात. त्याच पिशव्या घेऊन आपण जैसलमेर गाठतो. तिथे उन्हाळ्याच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. उघड्या पिशवीतली गोळी आता उलट्या दिशेनं निघते. बाहेरचा थर आधी सुकतो, कडक होतो, पण चपटेपणा मात्र कायम राहतो. वाकडी आणि ठिसूळ गोळी बॅरलमधून सरळ निघेल, ही अपेक्षाच चूक.

म्हणजे वाळवंटातल्या त्रासाची सुरुवात बऱ्याचदा भांडुपच्या माळ्यावर झालेली असते. खेप ठरली की जुना साठा नेऊ नका. ताज्या गोळ्या घ्या, खोक्यावरची तारीख बघा आणि घरी आणल्या दिवशीच हवाबंद डब्यात भरा. दिवाळीचा चिवडा ज्या डब्यात मऊ पडत नाही, तो डबा चालतो. दोन-तीन दिवसांनी डबा उलटा करून ठेवा, म्हणजे एकाच बाजूवर भार राहत नाही.

एक चूक मी ठाण्याच्या एका गटाकडून पाहिली. बुटांच्या खोक्यात मिळतात तशा सिलिका जेलच्या पुड्या त्यांनी डब्यात घातल्या होत्या. मुंबईच्या सवयीनं आपल्याला ओल हीच शत्रू वाटते. पण पुड्यांनी वाटेतच गोळ्यांमधलं पाणी ओढून घेतलं, आणि तिकडे उतरल्यावर गोळ्या हाताळतानाच तडकायला लागल्या. पुड्या नकोत. डबा घट्ट बंद ठेवा आणि हॉपरमध्ये मावतील तेवढ्याच गोळ्या बाहेर काढा, एवढं पुरतं.

उन्हासाठी आम्ही माशांच्या बाजारात असते तशी थर्मोकोलची पेटी वापरतो, अर्थात कोरी. डबे पेटीत, पेटी सावलीत. बर्फ घालू नका. गार गोळी ठिसूळ होते आणि पाण्याचा थेंब लागला तर कवच चिकट होतं. बंद गाडीत तर पेटीसुद्धा सोडू नका. वाळवंटातल्या उन्हात गाडीची काच बंद असली की अर्ध्या तासात गोळ्यांचा गोळा होतो. एकदा चिकटलेली किंवा चपटी झालेली गोळी पुन्हा गोल होत नाही. ती टाकून द्या, जीव अडकवू नका.

तिथे पोहोचल्यावर दोन चाचण्या करा. पहिली आपटण्याची. डोक्याएवढ्या उंचीवरून फरशीवर गोळी सोडा. वाळूवर सोडून काही कळत नाही. जैसलमेरच्या पिवळ्या दगडाची ओसरी असली तर उत्तम. पहिल्याच आपटीला फुटली तर ठिसूळ आहे. पुन्हा पुन्हा आपटूनही चेंडूसारखी उसळत राहिली तर मऊ पडली आहे. अशी मऊ गोळी समोरच्याच्या अंगावर न फुटता आपटते, खूण उमटत नाही आणि वळ मात्र जबरदस्त उठतो. दुसरी चाचणी फुंकरीची. गनपासून वेगळ्या केलेल्या बॅरलमध्ये मागच्या बाजूनं गोळी ठेवा. ती आपोआप घरंगळून बाहेर आली तर बॅरल सैल. फुंकून गाल दुखले तरी हलली नाही तर घट्ट. नुसत्या फुंकरीनं सुटली म्हणजे जोडी जमली. मुंबईत जमलेली जोडी तिकडे जमेलच असं नाही. ही चाचणी तिथल्या हवेत, तिथे काही तास राहिलेल्या गोळ्यांवर करायची.

गॅस: ३१ अंशांची रेघ

भाड्यानं मिळणाऱ्या गन बहुधा कार्बन डायऑक्साइडवर चालतात. या सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानावर ठरतो. ० अंशाला ५०० पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं एकक) जरासा वर, २० अंशांना ८३० च्या आसपास. ३१ अंशांना दाब १,०७० पीएसआयला पोहोचतो आणि त्या रेषेपलीकडे द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही. पुढे दाब किती चढेल हे सिलिंडर किती ठासून भरलाय यावर ठरतं. गच्च भरलेला सिलिंडर उन्हात तापला तर सुरक्षेसाठी बसवलेली पातळ धातूची चकती फुटते आणि सगळा गॅस धडाक्यानं बाहेर पडतो. चकती फुटली म्हणजे तिनं तिचं काम केलं. पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा जीव घशाशी येतो, आणि बर्फासारखा गार फवारा हातावर आला तर इजा होते.

मार्चच्या खेपेत सकाळी २७० फूट प्रति सेकंद मिळालेला वेग दुपारी ३२० वर गेला होता. स्क्रूला कोणी हातही लावला नव्हता. बहुतेक मैदानांवर कमाल मर्यादा ३०० फुटांची, म्हणजे सेकंदाला सुमारे ९१ मीटर, आणि कित्येक ठिकाणी २८०. म्हणून वेग सकाळी एकदा मोजून भागत नाही. ऊन चढलं की पुन्हा मोजा, गन सावलीतून उन्हात आली की पुन्हा मोजा. वेग मोजायचं यंत्र जवळ नसेल तर खेळू नका. याबाबत मी कोणाशी वाद घालत नाही.

थंडीत उलटं होतं. डिसेंबरच्या सकाळी भराभर गोळ्या सोडल्या की सिलिंडर आणखी गारठतो, द्रव गॅस तसाच गनमध्ये शिरतो, तोंडातून पांढरा धूर निघतो, ओ-रिंग (गॅस गळू नये म्हणून बसवलेल्या रबरी कड्या) कडक होऊन गळायला लागतात. गोळ्या थांबून थांबून सोडा. सिलिंडर आडवा असेल तर त्याचं तोंड किंचित वर राहील असं बघा.

दोन्हींवर खरा उपाय उच्च दाबाच्या हवेचा सिलिंडर. त्यात ३,००० किंवा ४,५०० पीएसआयची साधी हवा असते आणि रेग्युलेटर गनकडे जवळपास एकसारखा दाब सोडतो. ऊन-थंडीचा फरक पूर्ण जात नाही, पण खूप कमी होतो. वाळवंटातल्या कॅम्पवाल्यांशी बोलताना आधी हेच विचारा की हवा आहे की सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. आणि सिलिंडरवरचा चाचणीचा शिक्का बघायला लाजू नका. मुंबईहून भरलेला सिलिंडर नेण्याचा विचार सोडा. रेल्वेत आणि विमानातल्या सामानात, दोन्हीकडे त्याला बंदी आहे. आम्ही वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी एक्स्प्रेसनं जोधपूर गाठतो आणि गॅस तिथूनच पुढे, भाड्यानं घेतो.

वाळू: ग्रीस कमी, कापड जास्त

गोळ्या बोल्टशी कापल्या जात असतील तर वाचा. थरची वाळू बारीक आहे, मुठीत धरली तरी फटीतून निसटते. तेलकट पृष्ठभागावर ती बसली की दोन्ही मिळून गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह घासायला वापरतात तसली पेस्ट तयार होते. ओ-रिंग झिजते, बोल्ट अडखळतो, डिटेंट दाबलेल्या अवस्थेतच राहतो. मुंबईत गंज धरू नये म्हणून आपण सढळ हातानं तेल-ग्रीस लावतो. तिकडे ओ-रिंगवर नुसती चकाकी येईल एवढंच ठेवा, बाकी पुसून काढा. बाहेरच्या भागावर तर अजिबात नको.

गन वाळूवर ठेवायची नाही. ताडपत्री किंवा जुनी चादर घेऊन जा. हॉपरचं झाकण गोळ्या ओतण्यापुरतंच उघडा, तेही वाऱ्याकडे पाठ करून. बॅरलची टोपी सुरक्षेसाठी असतेच, इथे ती वाळूही अडवते. डोळ्यासारखा सेन्सर असलेली इलेक्ट्रॉनिक गन असेल तर त्या सेन्सरवरची धूळ दर खेळानंतर टिपा, नाहीतर गोळी आली की नाही हे गनला कळत नाही.

आणि खाली पडलेली गोळी उचलून पुन्हा भरायची नाही. टर्फवर आपण सर्रास उचलतो. वाळवंटात त्या गोळीला वाळूचे कण चिकटलेले असतात. ते बॅरल आतून ओरबाडतात आणि समोरच्याच्या कातडीलाही. माझ्या धाकट्या भावाच्या मानेवर अशा एका गोळीची खूण महिनाभर होती.

गोळी फुटलीच तर दोरीला बांधलेलं सुती फडकं बॅरलमधून ओढा, आधी किंचित ओलं, मग कोरडं. रंग पाण्यात विरघळतो, त्यामुळे पेट्रोल, थिनर काही लागत नाही. उलट त्यांनी ओ-रिंग खराब होतात.

पडलेल्या गोळ्या जागेवर सोडू नका, गोळा करा. कॅम्पवर कुत्री असतातच आणि ती या गोळ्या खाऊ शकतात. मूठभर गोळ्या खाल्ल्या तर कुत्र्याच्या शरीरातलं मिठाचं प्रमाण बिघडून ते गंभीर आजारी पडतं. जैसलमेरजवळच्या सम गावाच्या भागात जाणाऱ्यांना आणखी एक विनंती. तिथे जवळच डेझर्ट नॅशनल पार्कची हद्द आहे. माळढोक पक्ष्याचा तो शेवटचा मोठा आसरा. आपल्या सोलापूरच्या नान्नजला माळढोकाचं काय झालं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. जागा ठरवतानाच ती हद्दीबाहेर आहे ना, हे कॅम्पवाल्यांना स्पष्ट विचारा.

मास्क आणि माणूस

वाळवंटात दिवसा मास्कवर वाफ कमी धरते, कारण हवा कोरडी असते. डिसेंबरच्या सकाळी मात्र धरते. दोन पदरी थर्मल काच असेल तर त्रास जवळजवळ संपतो. मात्र ती पाण्यात बुडवून धुऊ नका, दोन पदरांत पाणी शिरतं. धूळ बसली की बोटानं किंवा टी-शर्टनं कोरडी पुसू नका. आधी पाण्याच्या धारेनं वाळू वाहून जाऊ द्या, मग मऊ कापड. अमोनियाचा काच-क्लीनर पॉलिकार्बोनेटला खातो, तो दूर ठेवा. मास्क पेंटबॉलसाठीच बनवलेला हवा. अमेरिकेतलं एएसटीएम एफ१७७६ हे मानक त्यासाठीच आहे. कारखान्यातला साधा गॉगल चालत नाही. दिसेनासं झालं तर हात वर करून ओरडा, कोणीतरी धरून बाहेर नेईल. मैदानात मास्क वर करायचा नाही.

मुंबईकराला तिकडे एक गोष्ट फसवते. आपल्याकडे घाम वाळत नाही, शर्ट भिजतो, म्हणून पाणी जातंय हे कळतं. तिथे घाम आला तसा उडून जातो. अंग कोरडं वाटतं, तहानही उशिरा लागते. पहिल्या खेपेला थंडी असूनही वहिनींना दुपारी चक्कर आली होती. तेव्हापासून दर वीस मिनिटांनी सगळ्यांनी पाणी प्यायचं हा नियम केला. तहान असो वा नसो. सोबत ओआरएसच्या पुड्या. कोणी बोलताना अडखळलं, घाम येणं थांबलं, अंग तापलं, तर खेळ तिथेच थांबवून सावली, अंगावर पाणी आणि थेट दवाखाना.

वेळ सकाळी साडेआठ ते अकरा, महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात स्वस्त मिळतंय म्हणून जाऊ नका. जोधपूर-जैसलमेर वाटेवरच्याच फलोदीत १९ मे २०१६ ला ५१ अंशांची नोंद झाली होती.

परतल्यावर

हा भाग आम्ही पहिल्या दोन्ही खेपांना टाळला आणि पुढच्या वेळचा बिघाड घरीच तयार करून ठेवला. गाडीतून उतरल्यावर गन पिशवीत तशीच राहू देऊ नका. त्याच संध्याकाळी उघडा, कोरड्या ब्रशनं वाळू झाडा, ओल्या फडक्यानं उरलेला रंग काढा, प्रत्येक ओ-रिंग बोटांत फिरवून चरा पडलाय का बघा. पडला असेल तर बदला, ती काही महाग वस्तू नाही. डिटेंट दाबून सोडा, तो लगेच वर यायला हवा. आणि आता तेल लावा, नेहमीपेक्षा जरा जास्तच, कारण गन पुन्हा मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत आली आहे. पुढच्या वेळी जैसलमेरची पिशवी भरताना तेवढंच तेल आठवणीनं पुसून टाका.